लेकीची पहिली रायफल : किंमत वाजवी की गैरवाजवी?

गेल्या महिन्यातला रविवार. विहारातली सकाळची वंदना आटोपली, सतरंज्या गुंडाळून झाल्या, चहा आला. तेवढ्यात आमच्या वस्तीतली एक ताई जवळ आली. जयभीम केला आणि पदराखाली धरलेला घडीचा कागद पुढे केला. म्हणाली, "दादा, तुम्ही फौजेत होता. एवढं बघून सांगा. घ्यावं का?"

कागद म्हणजे एका दुकानाचे दरपत्रक होते. वर ठळक अक्षरांत 'नवोदित नेमबाजांसाठी संपूर्ण रायफल किट' असे छापलेले. खाली नऊ वस्तूंची यादी. एकाही वस्तूपुढे किंमत नाही. तळाशी ४२,००० हा आकडा खोडून शेजारी ३४,००० लिहिलेले आणि त्याखाली 'सवलत फक्त या आठवड्यापुरती'.

ताई चार घरची धुणीभांडी करते. तिचे यजमान एका खाजगी कंपनीत रात्रपाळीचे वॉचमन आहेत. मुलगी आठवीत. शाळेने मुलांना एकदा एअर रायफलच्या रेंजवर नेले होते. तिथल्या प्रशिक्षकांनी हिचा हात स्थिर आहे असे सांगितले. तेव्हापासून मुलीच्या डोक्यात दुसरे काही नाही. ताईने बचत गटातून तीस हजारांचे कर्ज काढायचे ठरवले होते. "पोरगी हुशार आहे दादा. पैशापायी मागं राहायला नको."

हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात कधी ना कधी बोलले गेले आहे. कधी पुस्तकांसाठी, कधी कॉलेजच्या फीसाठी, कधी कॉम्प्युटरच्या क्लाससाठी. आईबापांच्या तोंडी हे वाक्य येणार हे विकणाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणून त्या कागदाचा आम्ही दोघांनी बसून जो हिशेब केला, तो आज सर्व समाजबांधवांसमोर मांडतो आहे.

बौद्ध घरात बंदूक कशाला?

चहा पिता पिता एका वडीलधाऱ्या उपासकांनी हा प्रश्न विचारलाच. प्रश्न रास्त आहे. पहिले शील आपल्याला प्राणिमात्राची हिंसा करू नये असे शिकवते. पण ही रायफल जीव घेण्यासाठी नाही. दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडण्यासाठी आहे. श्वास सावकाश घ्यायचा, अर्धा सोडायचा, मन एका ठिकाणी आणायचे आणि मगच बोट हलवायचे, असा हा खेळ आहे. ज्या घरात श्वासावर लक्ष ठेवून ध्यानाला बसण्याची सवय आहे, त्या घरच्या लेकराला तो परका वाटणार नाही.

मात्र घरात एक नियम पक्का हवा. चिमणी, कबुतर, कुत्रे, मांजर, कशावरही ही रायफल रोखायची नाही. वन्य पक्ष्यांची शिकार हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि शीलाने तर ती कधीच मान्य केलेली नाही.

आणि बंदूक आपल्या समाजाला नवीही नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. १८९० च्या दशकात इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. ज्यांच्या आजोबांच्या हातून बंदूक काढून घेतली गेली, त्यांच्या नातीने खेळाच्या मैदानावर ती हाती घ्यावी, यात अभिमानाचेच कारण आहे. पण अभिमानाच्या भरात सौदा करू नये, एवढेच सांगणे.

आधी रायफल ओळखा

नवोदितांची रायफल म्हणजे एअर रायफल. तिच्यात दारू नसते. हवेच्या दाबाने शिशाचा छोटा छर्रा सुटतो. नेमबाज त्याला पेलेट म्हणतात. स्पर्धेतल्या छर्‍याचा व्यास ४.५ मिलिमीटर असतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल घ्यायला शस्त्रपरवाना लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे याने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते पन्नास मीटर रायफलीत. ती पॉइंट टू टूची रायफल असते, तिला परवाना लागतो आणि तिची गोळीही महाग असते. सुरुवात तिथून होत नाही.

एअर रायफलीतही दोन जाती आहेत. पहिली स्प्रिंगची. दरवेळी नळी किंवा दांडा ओढून स्प्रिंग दाबायची. ही स्वस्त असते. दुसरी आधी हवा भरून ठेवण्याची. तिला सिलिंडर असतो आणि त्यात पंपाने किंवा मोठ्या टाकीतून हवा भरतात. मोठ्या स्पर्धांत हीच दिसते. वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, अन्शुट्झ या जर्मन कंपन्यांच्या अशा नव्या रायफलींची किंमत आपल्याकडे लाखांत जाते.

स्प्रिंगच्या रायफलीत एक अडचण आहे. चाप ओढताच स्प्रिंग उसळते आणि छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच रायफल हलते. नेम चुकला तर मुलीची चूक की रायफलीची हे तिला कळत नाही. शिवाय छर्रा न घालता ती झाडली तर आतले भाग खराब होतात. स्पर्धेच्या रायफलीवर मात्र छर्‍याशिवाय चाप ओढण्याचा सराव करता येतो, आणि तो सराव फुकट असतो. कागदावर नुसते 'एअर रायफल' लिहिले असेल, तर यापैकी कोणती हे पहिल्यांदा विचारा.

दुकानदार वेगाची जाहिरात करतो. "सेकंदाला हजार फूट जाते!" त्याला भुलू नका. हजार फूट म्हणजे सुमारे ३०५ मीटर. स्पर्धेतल्या उत्तम रायफलीचा छर्रा सेकंदाला १७५ मीटरच्या आसपासच जातो. कागदाला भोक पाडायला तेवढे पुरते. लक्ष्यपत्राच्या मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे वेगापेक्षा अचूकपणा हवा.

यादी फोडा, मग बेरीज करा

ताईला म्हटले, एकत्र किंमत हा धुक्यातला आकडा आहे. धुके उडवायचे तर प्रत्येक वस्तूची सुटी किंमत काढली पाहिजे. तिच्या पुतण्याने दोन दुसऱ्या दुकानांत फोन केले. तशाच वस्तूंच्या सुट्या किमती अशा निघाल्या :

स्प्रिंगची देशी एअर रायफल १३,५०० रुपये
दुर्बीण २,८०० रुपये
नळीखालची दुपायी घोडी १,२०० रुपये
छर्‍यांचे दोन डबे, प्रत्येकी ५०० छर्रे, ९०० रुपये
कागदी लक्ष्यपत्रे ६०० रुपये
रायफलीची पिशवी १,२०० रुपये
नेमबाजीचे जाकीट ४,५०० रुपये
हातमोजा ८०० रुपये
पट्टा ५०० रुपये

एकूण २६,००० रुपये. म्हणजे 'सवलतीची' किंमत सुट्या खरेदीपेक्षा ८,००० रुपयांनी जास्त. हे आकडे एका शहरातले, एका आठवड्यातले आहेत. तुमच्याकडे वेगळे असतील. पण पद्धत तीच ठेवा.

जास्त पैसे घेणारा प्रत्येक दुकानदार लबाड असतो असे नाही. त्या आठ हजारांत वर्षभराची दुरुस्ती असेल, नव्या स्प्रिंगची आणि सीलची हमी असेल, महिनाभराचे शिक्षण असेल, तर ते मोलाचे आहे. पण मग ते कागदावर लिहिलेले हवे. तोंडी वचनाचे मोल शून्य धरा. खोडलेल्या मूळ किमतीला तर काहीच अर्थ नसतो. ४२,००० चा आकडा त्याने ५२,००० लिहिला असता तर सवलत दहा हजारांनी वाढलेली दिसली असती, तुमच्या खिशातून मात्र तेवढेच गेले असते.

खेळात न चालणाऱ्या वस्तू

आता दुसरी चाळण. यादीतली कुठली वस्तू स्पर्धेत चालते?

दुर्बीण चालत नाही. दहा मीटर एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत भिंगाची दुर्बीण लावता येत नाही. मागे बारीक छिद्राची साइट आणि पुढे कडी असते. तिला पीप साइट म्हणतात. आपल्याकडे नवोदितांसाठी साध्या उघड्या साइटचेही गट असतात. मुलगी कुठल्या गटात खेळणार हे प्रशिक्षकांना विचारा आणि त्या गटाला चालेल अशीच साइट घ्या.

घोडीही चालत नाही. ही स्पर्धा उभे राहून होते. रायफल हातांनी पेलायची असते. पट्टा झोपून किंवा गुडघ्यावर बसून मारताना वापरतात, उभ्याने नाही. म्हणजे दुर्बीण २,८००, घोडी १,२०० आणि पट्टा ५००, असे ४,५०० रुपये या मुलीच्या कामाचे नाहीत. २६,००० मधून ते वजा केले की उरले २१,५००.

मापाच्या वस्तू

तिसरी चाळण मापाची. जाकीट कागदावर 'मध्यम साइझ' असे होते. नेमबाजीचे जाकीट जाड, ताठर असते आणि पाठीला आधार देते. ते अंगाबरोबर बसले तरच उपयोग. त्याची जाडी आणि ताठरपणाही नियमाने मोजतात. कापड २.५ मिलिमीटरहून जाड चालत नाही. आठवीतली मुलगी वर्षभरात चार बोटे वाढते. न मोजता घेतलेले जाकीट तिला आज ढगळ होईल आणि अंगाला बसेपर्यंत खांद्यात अडेल. पहिले काही महिने साध्या स्वेटरवर शिकता येते. जाकिटाचे ४,५०० वजा करा. उरले १७,०००.

३४,००० चे बरोबर निम्मे झाले. ताई काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे सतरा हजार नुसते असेच?"

आणखी एक गोष्ट तिथेच करून पाहिली. तिला फुटकी कवडी लागत नाही. मुलीला दोन्ही हात लांब करून, पंजे जुळवून मध्ये छोटी फट ठेवायला सांगितले. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून भिंतीवरचे घड्याळ बघ म्हटले. मग एकेक डोळा मिटायला लावला. उजवा मिटला तरी घड्याळ दिसत राहिले. डावा मिटला तेव्हा गेले. म्हणजे तिचा मुख्य डोळा डावा. उजव्या हाताच्या रायफलीचा दस्ता, जाकीट, हातमोजा, सगळेच उजव्यांसाठी बेतलेले असते. तिने डाव्या खांद्यावरून शिकायचे की उजव्या, हे प्रशिक्षक ठरवतील. पण ते ठरण्याआधी खरेदी केली तर वस्तू कितीही वाजवी दरात मिळो, ती महागच पडणार.

कागदावर नसलेला खर्च

किटमधले दोन डबे म्हणजे १,००० छर्रे. आठवड्यातून चार दिवस, दिवसाला ६० छर्रे असा सराव धरला तर आठवड्याला २४० होतात. दोन्ही डबे महिनाभरात संपतील. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर १२,००० छर्रे, म्हणजे २४ डबे. डब्याला ४५० रुपये या दराने १०,८०० रुपये. रायफल एकदा घ्यायची, छर्रे मात्र कायमचे. जो खर्च दर महिन्याला येणार, तो आधी पेलतो का ते बघा. त्यावर रेंजची फी, बसचे भाडे, स्पर्धेची प्रवेश फी.

कर्जाचेही तसेच. ताईच्या गटाचे व्याज शेकडा दोन रुपये महिना. तीस हजारांवर पहिल्याच महिन्याला ६०० रुपये व्याज. तेवढ्यात छर्‍यांचा एक डबा येऊन दीडशे रुपये उरतात. कर्ज फेडता फेडता छर्रे घ्यायला पैसे उरले नाहीत, तर रायफल कपाटावर धूळ खात पडेल आणि मुलगी गप्प बसेल. असे हाल आपण सायकलींचे आणि शिलाई मशीनचे पाहिलेले आहेत.

जुनी रायफल मिळाली तर

वर चढलेला एखादा नेमबाज आपली जुनी रायफल विकतो. असा सौदा बरेचदा नव्या किटपेक्षा चांगला असतो. मात्र चार गोष्टी बघाव्यात. एक, हवेच्या सिलिंडरवरची तारीख. अनेक कंपन्या सिलिंडरला दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि भरणेही धोक्याचे. नव्या सिलिंडरचा खर्च सौद्यातून वजा करा. दोन, रात्रभर भरून ठेवून सकाळी दाब उतरला का ते पाहा. तीन, प्रशिक्षकांना सांगून ती पक्की बसवून दहा मीटरवर दहा छर्रे मारून घ्या. चांगल्या रायफलीची दहा भोके एकमेकांत मिसळून एकच भोक दिसते. चार, रायफलीवरचा क्रमांक, विकणाऱ्याची मूळ पावती आणि विक्रीचा लेखी कागद. हे नसेल तर कितीही स्वस्त असो, हात लावू नका.

दुकानात विचारायचे प्रश्न

१) प्रत्येक वस्तूची सुटी किंमत लिहून द्याल का?
२) किंमत जीएसटी धरून की वगळून? पक्की पावती मिळेल ना?
३) ही रायफल कुठल्या स्पर्धेच्या कुठल्या गटात चालते?
४) दुरुस्ती कुठे होते? स्प्रिंग आणि सील मिळतात का, केवढ्याला?
५) न चालणाऱ्या वस्तू काढून उरलेले द्याल का?
६) घेण्याआधी मुलीला हातात धरून पाहता येईल का? नियमाप्रमाणे स्पर्धेची रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते. कोवळ्या खांद्याला किती पेलते ते धरूनच कळते.

खरेदी आईने किंवा वडिलांनी स्वतःच्या नावावर, ओळखपत्र आणि पत्ता नोंदवूनच करावी. पावती जपून ठेवावी. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आपल्या बाजूला आहे. पण पावती नसेल तर कायद्याचे हातही आखडतात.

रायफल घरात आली की कुलपात ठेवा. छर्रे वेगळे ठेवा. छर्रे शिशाचे असतात. ते तोंडात धरू देऊ नका आणि सराव झाल्यावर साबणाने हात धुवायची सवय लावा.

मग सुरुवात कुठून?

सुरुवात रेंजवरून, दुकानातून नव्हे. बऱ्याच रेंजवर क्लबची रायफल फी भरून वापरायला मिळते. एन.सी.सी.त गेलेल्या मुलामुलींना पॉइंट टू टूच्या गोळीबाराचा अनुभव मिळतो. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीची चौकशी करावी. स्वप्निल कुसाळे २००९ साली याच क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. पुढे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरीला लागला आणि नोकरी सांभाळून ऑलिंपिकपर्यंत पोहोचला. २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक मिळवणाऱ्या अभिनव बिंद्राच्या घरी स्वतःची रेंज होती. तशी रेंज आपल्या कोणाच्या घरी नाही. पण सरकारी योजनेची दारे आपल्यासाठीही आहेत. ती वाजवायला पैसे लागत नाहीत, चिकाटी लागते.

तीन महिने क्लबच्या रायफलीवर काढा. गुण वहीत लिहा. मुलीचा उत्साह टिकला आणि गुण वाढले, तर आधी हातमोजा, मग मापाचे जाकीट आणि शेवटी रायफल. तोवर कुठली रायफल हवी हे मुलगीच तुम्हाला समजावून सांगेल.

ताईने ते किट घेतले नाही. दुकानदाराने दोनदा फोन केला, सवलत आणखी एक आठवडा वाढवली आहे म्हणाला. आठवड्यापुरती सवलत म्हणतात ती अशी! बचत गटातले कर्ज काढले नाही. एक हातमोजा आणि छर्‍यांचे दोन डबे, १,७०० रुपयांत काम भागले. मुलगी आता शनिवार-रविवार क्लबवर जाते आणि डाव्या खांद्यावरून शिकते आहे.

परवा विहारात ताई भेटली. मुलीची वही दाखवायला आणली होती. पहिल्या पानावर १० छर्‍यांचे ४१ गुण, शेवटच्या पानावर ६८. म्हणाली, "दादा, अजून रायफल मागत नाही ती. म्हणते, पंचाऐंशी झाले की मग बघू."

आईबापांनी लेकरांसाठी कर्ज काढू नये असे मी म्हणत नाही. आपल्या आईबापांनी काढले म्हणून आपण शिकलो. पण ज्या घामाने ते फिटते, त्या घामाचा हिशेब मागायचा हक्क आपला आहे. दुकानाच्या काउंटरवर तो मागायला लाजू नका.

जयभीम!